जखमेकडे रांगत

दिवा जरा इकडे सरकव. ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही की माझी जीभ अडखळते. आणि दार नुसतं लोटून ठेव, तुझी आई यायची आहे अजून. ती आली की मी गप्प होणार, तेव्हा मला 'पुढे काय' म्हणून डिवचायचं नाही.

तू विचारलंस ना, तिच्या मामाचं, म्हणजे माझ्या दादाचं, नाव काढलं की आई उठून का जाते? ऐक तर.

त्या दिवशी मी समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात त्या केंद्रावर गेले ती फडकी धुवायला. रोजचंच काम. समुद्राला लागून ती बसकी इमारत, आत काचेच्या टाक्या, टाक्यांत स्पंज. भांडी घासायचा तो स्पंज नव्हे गं, समुद्रातला, जिवंत. दगडासारखा एका जागी बसून राहतो, पण प्राणी आहे. ना डोळे, ना तोंड, ना हृदय. दिवसभर पाणी पितो आणि सोडतो. तिथल्या बाईंचा अभ्यास असा, की ह्याला जखम केली तर ती भरते कशी. माझं काम सोपं. स्पंजाचा तुकडा बारीक फडक्यात बांधायचा, काचेच्या भांड्यात खारं पाणी घ्यायचं, आणि त्यात धरून पिळायचा. खाली गढूळ पाणी उतरतं. ते गढूळ म्हणजे त्याच्या पेशी, सगळ्या सुट्या, सगळ्या जिवंत. फडक्यात मागे राहतो तो सांगाडा, वाळू, शिंपल्यांचा चुरा. थोड्या वेळाने बघावं तर त्या पेशी रांगत रांगत एकमेकींना शोधतात, गोळे करतात, आणि त्याचा पुन्हा स्पंज होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दुपारचं जेवण गेलं नव्हतं.

आता तुझ्या आजोबांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ते पाणबुडे होते. स्पंज काढायला खाली जायचे. हातात दगड घ्यायचा, कमरेला दोर बांधायचा, आणि दम धरून उडी. दोराचं दुसरं टोक वर होडीत माझ्या दादाच्या हातात. खालून लागोपाठ झटके आले की वर ओढायचं. त्या दोघांचं पाण्यातलं बोलणं तेवढंच. दोर डांबरात बुडवलेला असायचा, आणि त्याची टोकं उसवू नयेत म्हणून मी सुताने घट्ट बांधून द्यायची. ज्याच्या घरात जे सूत असेल ते. माझी एक हिरवी शाल विरली होती, तिचंच मी उसवून वापरायची.

एका सकाळी ते निघाले तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला दिवस गेलेत. तुझी आई पोटात होती. ते दारातून मागे फिरले, भिंतीला टेकून हसत उभे राहिले. म्हणाले, "एवढ्यात कुणाला सांगू नकोस. मीही नाही सांगत." आणि गेले.

परत आला तो दादा एकटाच. पायरीवर बसला, म्हणाला, "ठमे, तो पलीकडच्या बंदरात उतरला. एक बाई वाट बघत होती. निळी छत्री घेऊन. दोघं गेले. मी हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने."

लोकांना पटलं. मलाही पटलं. सख्खा भाऊ सांगतो म्हटल्यावर पटणारच. आणि त्यात मला एक गोष्ट ठाऊक होती ती दुसऱ्या कुणाला नव्हती, की माणूस कळल्यावर पळाला. पोर येतंय हे कळल्यावर. ते मी कुणापाशी बोलले नाही, दादापाशीसुद्धा नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? वस्तीत सगळे समजून होते की तुझ्या आजोबांना पोराचं माहीतच नव्हतं. तेवढंच बरं होतं.

सासूने मला दारात उभं केलं नाही. दादाने त्याच्या घरी नेलं. तुझी आई झाली, ती त्याच्या खांद्यावर वाढली. तो पुन्हा पाण्यात दोर सोडायला गेला नाही, होडीतून गळ टाकून जे मिळेल ते आणायचा. नळावर बायका कुजबुजायच्या, हिला नवरा धरून ठेवता आला नाही. मी घागर भरून निघायची. पण धक्क्यावर कुठेही निळी छत्री दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. तिचं तोंड बघायला. पाच-सहा वर्षं मी परक्या बायकांच्या छत्र्यांखाली वाकून बघितलंय, बाळा.

तर, त्या दिवशी.

दादा स्पंज घेऊन आला. बाईंनी त्याला पिवळा, मोठा सांगितला होता. त्याच्या नांगराला अडकून वर आला म्हणे. केवढा, कणकेच्या परातीएवढा. त्याने तो आकडीने टाकीत सोडला, हात लावला नाही.

"का रे, चावतो का?" मी विचारलं.

"खाज सुटते. तूही लावू नकोस."

"माझं आयुष्य गेलं ह्यांना पिळण्यात. मला काय खाज सुटणार?"

तो हसला नाही. बाहेर पायरीवर जाऊन जाळं दुरुस्त करत बसला. स्पंज आणला ती बादली रिकामी होऊन परत न्यायची होती त्याला.

बाई आल्या. चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. तो काढून हातात दिला की रोज म्हणायच्या, "तू नसतीस तर मी आंधळीच." त्यांनी स्पंजाच्या मधोमध गोल तुकडा कापून काढला. बोट जाईल एवढी खिडकी पडली. तुकड्याचा अर्धा भाग मी पिळून काचेच्या बशीत सोडला, आणि बाईंनी मला भिंगाच्या यंत्रातून दाखवलं.

"ह्या बघ, ह्या खाणाऱ्या. एकेक शेपटी आहे बघ, ती हलवून पाणी आत ओढतात. जन्मभर तेवढंच काम. पण अंगाला जखम झाली की ह्यांच्यातल्या कितीतरी शेपटी टाकून देतात. आपली जागा सोडतात आणि रांगत जखमेकडे जातात."

"जाऊन करतात काय?"

"तिथे जे गेलंय ते होतात. कातडी गेली असेल तर कातडी होतात."

"आणि मग पहिलं काम?"

"विसरतात."

"कुणी सांगतं का त्यांना, की आता तू ही नाहीस, ती आहेस?"

बाई मान वर न करता म्हणाल्या, "तेच तर मी इतकी वर्षं शोधतेय." मग घड्याळ बघून त्यांनी पर्स उचलली. शहरात काम होतं, उद्याच्या पहिल्या गाडीने येणार होत्या. "पाणी बदलत राहा. खिडकीच्या कडेला पातळ साय धरायला लागेल, ती बघून ठेव."

दुपार होती, पण आभाळ उतरून आलं होतं. खोलीत शेवाळी उजेड. मधेच वीज गेली आणि पंप थांबला. तो पंप चालू असताना ऐकू येत नाही, बंद झाला की कान दुखतात. टाकीतलं पाणी निश्चल झालं. आणि वास यायला लागला. मेलेल्या स्पंजाचा वास मला माहीत आहे, सडलेल्या लसणासारखा. हा तसा नव्हता. हा डांबराचा होता.

मी बशी बघितली. पेशींनी गोळे केले नव्हते. एरवी बशीभर ठिपके ठिपके होतात, त्या दिवशी सगळं पिवळं बशीच्या एका कडेला जमलेलं. मला वाटलं टेबल कलतंय. मी बशी फिरवून ठेवली. टाकीतलं पाणी अर्धं बदलून होईतो पुन्हा बघते, तर ते पिवळं ह्या कडेवरून त्या कडेला निघालेलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मी त्या कडेच्या रोखाने मान वळवून बघितलं. तिकडे दार होतं. दाराबाहेर पायरी, आणि पायरीवर पाठमोरा दादा.

मी बशी तशीच सोडली. 

टाकीपाशी गेले. खिडकीवर साय धरली नव्हती, उलट ती मोठी झाली होती. कडा मागे सरकत होत्या, हळूहळू, झोपलेल्या माणसाचं तोंड उघडावं तशा. आत काहीतरी काळं होतं. मी हात घातला आणि ओढलं. आलं ते सहज आलं, जसं कुणी आतून पुढे करतंय.

दोर होता. गोल, एवढा, माणसाच्या कमरेएवढा. गाठ तशीच. गाठीतून बाहेर आलेल्या टोकाला हिरवं सूत.

शालीचं.

दुसरं टोक हातभर लांब होतं. दोर झिजून तुटला की झिपऱ्या होतात, हे पोरंटोरंही सांगतील. ह्याला एकही झिपरी नव्हती. सुरीने कापलं की दिसतं तसं.

आणि मी ते टोक मुठीत धरून उभी होते, तर दोराने झटका दिला. पाण्यातल्या माशाने द्यावा तसा. मग आणखी एक. मग लागोपाठ.

मी तो घेऊन बाहेर आले. दादाच्या जाळ्यावर ठेवला.

"हे स्पंजाच्या आत होतं."

त्याने बघितलं. सुई जाळ्यात तशीच राहिली. "असेल कुणाचं तरी."

"सूत माझं आहे."

"ठमे..."

"कमरेची गाठ सुटलेली नाही, दादा. बाईबरोबर जाणारा माणूस आधी कमरेचा दोर सोडेल ना?"

त्याने सुई जाळ्यातून ओढून काढली.

"आणि हे टोक बघ. बघ म्हणते ना."

त्याने बघितलं नाही. समुद्राकडे बघत, कुणी ऐकेल अशा भीतीने बोलला. "पाणी चढत होतं. दोर खाली खडकात अडकला होता. तो ओढत होता... सारखा ओढत होता. होडी कलली. मी पण गेलो असतो गं. मग... कापला."

वारा पडला होता. टाकीत टपकन थेंब पडला तेवढा ऐकू आला.

"आणि छत्री?"

"कुठली?"

"निळी."

"ती... तोंडाला आली तशी सांगितली."

"बाई कोण होती?"

"कुणी नव्हती."

ऐकलंस? कुणी नव्हती. त्याने दोर कापला, ते मी एखादे दिवशी समजूनही घेतलं असतं. जिवाच्या भीतीने माणूस काय करेल सांगता येत नाही. पण घरी येता येता, वल्हं मारता मारता, त्याने एक बाई तयार केली. तिच्या हातात छत्री दिली. छत्रीला रंग दिला. मी दर वेळी वाकून बघत होते ते त्याने बघितलं होतं. माझ्या बाजूला उभा राहून बघितलं होतं. माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन.

मी म्हटलं, "उद्या सकाळी धक्क्यावर सगळे असतील. सगळ्यांसमोर सांगायचं. कापलं ते सांगू नकोस हवं तर. एवढंच सांग की ते गेले नव्हते. मला टाकून गेले नव्हते. बाकी काही नको मला."

"सांगतो," तो म्हणाला. "तुझ्या लेकीच्या गळ्याची शपथ, सांगतो. पण तो स्पंज आधी समुद्रात टाकू दे." आणि आत जाऊन त्याने दोन्ही हातांनी स्पंज उचलायला घेतला. आकडी घ्यायचं भान राहिलं नाही त्याला. उजवा पंजा त्या खिडकीत रुतला.

"ठमे... सोड म्हण."

"कुणाला म्हणू?"

तो ओढत होता. मी दाराला धरून उभी होते. शेवटी हात सुटला, तळव्याची सालटी आतच राहिली. रक्त यायला हवं होतं. त्या जागी पिवळसर, पातळ साय पसरत होती, कडेकडून मध्याकडे. दादा हात डोळ्यांपुढे धरून बघत बसला. मला बाईंनी दाखवलेल्या त्या रांगणाऱ्या पेशी आठवल्या. मी दादाला घरी नेलं, स्पंज होता तिथेच राहिला.

सकाळी उठून बघते तर तो माझ्याआधी उठून पाणी पीत होता. माठातलं नव्हे, अंगणातल्या घंगाळातलं, जाळी बुडवायला आणलेलं खारं. ओंजळी ओंजळीने. त्याचा तळवा भरला होता. चांगलाच भरला होता. एकही रेघ उरली नव्हती त्याच्यावर.

धक्क्यावर सगळे जमले होते. टोपल्या उतरत होत्या. बाईही गाडीतून उतरून तिकडूनच येत होत्या. दादा पायऱ्यांच्या वर उभा राहिला. मी समोर. माझ्या मनात आलं, एवढं एक वाक्य झालं की उद्या नळावर मी मान वर करून जाईन.

तो म्हणाला, "मी कुठे गेलो नव्हतो."

बर्फवाला हसला. "तू कुठे जाणार रे? रोज तर आमच्याच डोक्यावर बसलेला असतोस."

"मी खालीच होतो," तो म्हणाला. "दोर आला नाही."

सगळे हसायला लागले. कुणी म्हणालं, सकाळी सकाळीच घेतली वाटतं. मला एवढा संताप आला. वाटलं, नाटक करतोय. शब्द पाळल्यासारखाही झाला आणि सुटलाही. मी पुढे झाले. "दादा, पोरीची शपथ घेतलीस. नीट सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. दादाचेच डोळे. पण माणूस खूप दिवसांनी घरी आला की कसा बघतो, केस पिकले का, वाळली का, तसा तो मला बघत होता.

"दादा कुठाय?" त्याने विचारलं. "वर तोच होता ना?"

तेवढ्यात तुझी आई धावत आली आणि "मामा" करून त्याच्या पायाला बिलगली. त्याने खाली बघितलं.

"ही कुणाची पोर?"

मग कुणी हसलं नाही. टोपल्याही थांबल्या.

तो माझ्या कानाशी वाकला. अंगाला डांबराचा वास. "अगं... काय झालं आपल्याला? मुलगा की मुलगी? बघ, मी कुणाला बोललो नाही."

सांगितलं ना तुला, ती सकाळ आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या तोंडून 'अहो' निघालं. सख्ख्या भावाच्या तोंडाकडे बघून.

"मुलगी," मी म्हटलं.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भांगावर, थोडा डावीकडे. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "दादाला सांगून येतो. घाबरला असेल तो. मी फार ओढत होतो." आणि पायऱ्या उतरायला लागला. लोकांना वाटलं पाय धुतोय. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. एका हाताने तो कमरेपाशी काहीतरी चाचपत होता. डोकं खाली गेलं ते दम धरून जावं तसं गेलं, शांतपणे. मागोमाग पोरं उड्या मारून गेली. दुपारपर्यंत शोधलं. काही नाही.

वस्तीत काय म्हणतात माहीत आहे? बहिणीचा नवरा पळाला, त्या काळजीने भावाचं डोकं फिरलं. झालं. निळी छत्री अजून खरीच आहे. ज्याला जाब विचारायचा तो समोर उभा असताना मला मिळाला नाही, आणि जो मिळाला त्याला मी काय विचारणार? दादाने मला फसवलं ते फसवलंच, पण चूक कबूल करायला तरी स्वतः उभं राहायचं होतं. तेवढंही त्याने दुसऱ्यावर टाकलं.

केंद्रावर बाई खूश होत्या. खिडकी भरली होती म्हणे, इतक्या लवकर कुठलाच भरला नव्हता. मला बोलावत होत्या बघायला. मी फडकी धुवत राहिले.

थांब, पाऊल वाजलं. तुझी आईच आहे.

ती जेवायला बसली की मागून जा, केस विंचरून देते म्हण. भांगाच्या जरा डावीकडे, रुपयाएवढी जागा आहे. तिथले केस ओले असतात. भर उन्हाळ्यात, नुकतेच पुसले तरी. ती कुणाला हात लावू देत नाही तिथे, पण तुला देईल. बोट लावून जिभेवर ठेवून बघ. खारट लागतं का, ते मला सांग. मला स्वतःला इतकी वर्षं धीर झाला नाही.